झाकलेल्या मागाचा ठोका

आंधळगावच्या कोष्टीपुऱ्यात दुपारची जेवणं आटोपली की गल्ली थोडा वेळ गप होते. सकाळपासून खटखटणारे माग थांबतात, बाया ओट्यावर पाय पसरून बसतात. मंदाबाईच्या घरी मात्र आवाजाला तेव्हाच सुरुवात व्हायची. तिचा नवरा ईश्वर मागाच्या खोलीत बाजेवर आडवा झाला, की पाठ टेकते न टेकते तोच घोरायला लागायचा.

"मंदा, तुह्या घरची राइस मिल चालू झाली वाटते," शेजारची देवकाबाई ओट्यावरून म्हणायची. "धान आणू का?"

"आन ना. भुसा तुलेच देईन."

देवकाबाई खळखळून हसायची. मंदाबाईही हसायची. घोरणारा माणूस म्हणजे कष्टाचा माणूस, त्याला गाढ झोप लागते, असंच ती लहानपणापासून ऐकत आली होती.

मागाची खोली लांबट आणि थंड होती. जमीन शेणानं सारवलेली, खिडकी एकच आणि तीही लहान, म्हणजे उन्हाळ्यात सूत वाळून तुटत नाही. खोलीत दोन माग होते, दोन्ही जमिनीत खड्डा करून बसवलेले. विणणारा खड्ड्यात पाय सोडून जमिनीवर बसतो, पायांनी पावड्या दाबतो, हातानं धोटा फेकतो आणि आडवा धागा गेला की लाकडी फणी ओढून तो घट्ट ठोकतो. रस्त्याकडचा माग ईश्वरचा. मागच्या भिंतीजवळचा त्याच्या वडिलांचा, लक्ष्मणरावांचा. तो पांढऱ्या चादरीखाली झाकलेला असायचा.

लक्ष्मणराव गेले ते जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्या साली. उन्हाळ्याची दुपार होती, मागावर साध्या कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, शेला विणून होत आला होता. जेवण करून ते याच खोलीत आडवे झाले. तेही असेच घोरायचे. मधेच घोरणं थांबलं तेव्हा घरच्यांना बरंच वाटलं, जरा शांतता झाली म्हणून. चहाला उठवायला गेले तर ते उठले नाहीत. झोपेत गेला, सुखानं गेला, असं सगळा कोष्टीपुरा म्हणाला.

त्या घरची एक रीत होती. विणकर गेला आणि मागावर कापड राहिलं, तर त्याला कात्री लावायची नाही. त्या मागावर पुढे जो बसेल त्यानं ते पुरं करायचं. पण ईश्वरचा माग वेगळा होता, त्यामुळे वडिलांच्या मागावर कोणी बसलंच नाही. शेला तसाच राहिला. पोळ्याला मंदाबाई चादर काढून धूळ झटकायची, हळदीकुंकू वाहायची आणि परत झाकून टाकायची.

गेल्या काही वर्षांत ईश्वर बदलला होता. अंगानं भरला होता, मान जाड झाली होती, सदऱ्याचं वरचं बटण लागत नव्हतं. सकाळी उठला की डोकं धरून बसायचा. रात्रभर झोपूनही दिवसभर पेंगायचा. मोहाडीला जाताना बसमध्ये झोपून थेट तुमसरपर्यंत गेला होता एकदा. मागावर बसल्याबसल्या त्याची मान खाली पडायची, पाय पावडीवरच राहायचा आणि कापडात विरळ पट्टा उमटायचा. एका व्यापाऱ्यानं साडी परत केली. "ईश्वर, दारू उतरल्यावर विणत जा," असं तो चार माणसांत बोलला. ईश्वरनं उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. त्या दिवशी तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

"मले काय झालं, समजून नाही राहिलं," एवढंच म्हणाला. "हात पहिल्यासारखेच आहेत. डोळेच मिटतात."

चैत्रातली एक दुपार. ईश्वर बाजेवर उताणा झोपला होता. मंदाबाई उंबऱ्याशी चरखा घेऊन त्याच्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत होती. त्या वेळी मागावर हळदी रंगाची साडी होती. घोरणं चढत चढत गेलं आणि एकदम थांबलं.

तिनं वर पाहिलं. ईश्वरची छाती हलत होती, पोट ओढल्यासारखं आत जात होतं, पण नाकातोंडातून वारा येत नव्हता. बाहेरून लावलेलं दार कोणी आतून ढकलत असावं, तसं.

मागच्या भिंतीकडून ठक्क असा आवाज आला.

ईश्वरनं हिसका देऊन श्वास ओढला, कूस बदलल्यासारखं केलं आणि घोरणं पुन्हा सुरू झालं.

घूस असेल, असं मंदाबाईला वाटलं. तिनं कांडी उचलली. थोड्या वेळानं घोरणं पुन्हा थांबलं. ती कान देऊन बसली. पुन्हा ठक्क, आणि पुन्हा श्वास. तो घुशीचा आवाज नव्हता. जन्म कोष्ट्याच्या घरात गेला होता तिचा. फणी कापडावर बसते तेव्हा कसा आवाज होतो, ते तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

ईश्वर उठून हातपाय धुवायला गेला तेव्हा तिनं चादर उचलली. मागावर पोळ्यापासूनची धूळ तशीच होती. धोट्यावर धूळ, ताण्याच्या उभ्या धाग्यांवर धूळ. फक्त फणीची मूठ स्वच्छ होती, रोज हात लागल्यासारखी. शेल्याच्या कडेला, जिथं सासऱ्याचं विणणं संपलं होतं, तिथं बिनरंगाच्या कोशाला लागून बारीक हळदी रेघा होत्या. तिनं नखानं चाचपून पाहिलं. पक्के ठोकलेले धागे. आणि धोट्यातली कांडी तर कधीचीच रिकामी होती.

तिनं ईश्वरला हात धरून आणलं आणि दाखवलं.

"तूच बसली असशील एखाद्या दिवशी," तो म्हणाला.

"मी? मामंजींच्या मागावर?"

"मंग मी झोपेत बसलो असन. आजकाल मले झोपेतलं अन् जागेपणातलं समजते कुठं." त्यानं हसायचा प्रयत्न केला. पण चादर त्यानंच घाईघाईनं टाकली.

मंदाबाईनं मन मोकळं केलं ते देवकाबाईपाशी. देवकाबाई त्या दिवशी हसली नाही. चादरीचं टोक उचलून तिनं वाकून पाहिलं.

"म्हातारा आपला शेला पुरा करून राहिला," ती हळूच म्हणाली. "पोराचा श्वास घेतो अन् धागा टाकतो. ताणा किती उरला, पाह्यलं का?"

मंदाबाईनं पाहिलं. चार बोटं ताणा उरला होता.

"एवढा सरला का मंग..."

"पुढचं नको बोलू," मंदाबाई म्हणाली.

त्यानंतर तिचं मन ठिकाणावर राहिलं नाही. ईश्वर झोपला की ती बाजेजवळ बसायची. श्वास थांबला की तिचा जीव कानात यायचा. ठोका पडला की ती डोळे मिटायची. आणखी एक धागा गेला. पोटभर झोप तर तिलाही मिळत नव्हती. कांड्या भरता भरता तिचेही डोळे मिटायचे, चरखा हातातच राहायचा. जागरणाचं दुखणं, असं म्हणून ती ते सोडून द्यायची.

एके दिवशी तिनं ठरवलं. ताणा कापायचा नाही, रीत मोडायची नाही. पण फणी बांधून टाकायला काय हरकत? तिनं उरलेल्या सुताची जाड दोरी वळली, चादरीखाली हात घालून फणी मागच्या खांबाला करकचून बांधली आणि वर दोन गाठी मारल्या.

"आता टाका धागे," ती मागाला म्हणाली.

ईश्वर जेवला, बाजेवर आडवा झाला आणि घोरू लागला. मंदाबाई चरखा घेऊन बसली. बाहेर ऊन रणरणत होतं. गल्लीत कोणाचा तरी रेडिओ चालू होता.

घोरणं थांबलं.

ती वाट पाहत राहिली. छाती हलत होती, पोट आत जात होतं. ठोका पडला नाही. तिला आधी बरं वाटलं.

मग भिंतीकडून दोरीचा करकर आवाज आला. ताणल्यासारखा.

तिनं ईश्वरच्या तोंडाकडे पाहिलं. ओठांचा रंग बदलत होता, पिकल्या जांभळासारखा होत होता. छाती आता हलायचीही थांबली होती.

"अजी," तिनं हाक मारली. "अजी, उठा."

खांदा धरून हलवलं. गालावर मारलं. मान एका बाजूला पडली.

दोरी करकरत होती. पांढरी चादर पुढे येत होती, मागे जात होती. कोणी तरी फणी ओढायला पाहत होतं. जीव खाऊन ओढत होतं.

तेव्हा तिला कळलं.

ठोक्यानं श्वास जात नव्हता. ठोक्यानं श्वास परत येत होता.

तिनं सूत कापायची कात्री उचलली, चादर फेकून दिली आणि दोरी कापली.

ठक्क.

ईश्वरनं पाण्यातून वर आल्यासारखा श्वास ओढला आणि उठून बसला. घामानं चिंब भिजला होता.

"काय झालं?" तो म्हणाला. "काहून रडून राहिली?"

मंदाबाईच्या हातात कात्री तशीच होती. "उद्या भंडाऱ्याले जाऊ," ती म्हणाली. "नाही म्हणाल तर मी या खोलीत पाय ठेवनार नाही."

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर रीता नावाच्या बाई होत्या. त्यांनी ईश्वरचं बीपी पाहिलं, ते बरंच चढलेलं होतं. टेप घेऊन मान मोजली, तोंड उघडायला लावून घशात पाहिलं. सकाळी डोकं दुखतं का, दिवसा पेंग येते का, रात्री वारंवार लघवीला उठावं लागतं का, असं विचारलं. मग त्या मंदाबाईकडे वळल्या.

"आता तुम्ही सांगा. झोपलेल्या माणसाला स्वतःचं काही माहीत नसतं."

मंदाबाईनं घोरणं सांगितलं, शांतता सांगितली, आत ओढलं जाणारं पोट सांगितलं, ओठांचा रंग सांगितला. मागाचं सांगितलं नाही.

"घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "झोपेत घशाचं मांस सैल पडतं. काही लोकांचा श्वासाचा रस्ताच त्यानं बंद होतो. छाती ओढत राहते, पण हवा जात नाही. मग मेंदू दचकवून उठवतो, श्वास येतो, डोळा लागतो, आणि रस्ता पुन्हा बंद. रात्रभर हेच. हे खरं तर कित्येक वर्षं झोपलेलेच नाहीत. म्हणून दिवसा मान पडते."

ईश्वर मान खाली घालून ऐकत होता. "म्हणजे मी आळशी नाही झालो," तो म्हणाला.

"आळशी? तुम्ही रात्रभर कुस्ती खेळता."

"बाई," मंदाबाईनं विचारलं, "अन् एखाद्या बारीनं नाहीच उठवलं तर?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "बहुतेक वेळा मेंदू उठवतोच. पण दर वेळी हृदयावर ताण येतो, बीपी वाढत जातं. उपचार नाही केला तर धोका असतो. यांच्या घरी कोणाला असं होतं?"

"वडलाले," ईश्वर म्हणाला. "ते झोपेत गेले."

बाईंनी एक लहानसं यंत्र दिलं. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी नळी, असं लावून रात्री घरीच झोपायचं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यातला आलेख पडद्यावर दाखवला. रेघ डोंगरासारखी वरखाली जायची आणि मधेमधे सपाट व्हायची. सपाट जागा डोंगरांपेक्षा जास्त होत्या. मंदाबाईला ते विरळ पट्टे पडलेल्या कापडासारखं दिसलं. तिनं तसं बोलून दाखवलं, तर बाई म्हणाल्या, "अगदी तसंच आहे."

उपचार म्हणजे हवेचं मशीन. ते रात्री उशाशी ठेवायचं, नळीचा मास्क नाकावर लावायचा, म्हणजे हवेच्या दाबानं घशाचा रस्ता उघडा राहतो. आधी भाड्यानं घ्या, जमतं का पाहा, असं बाई म्हणाल्या. त्यासोबत वजन उतरवायचं, उताणं झोपायचं नाही, झोपेच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. निघताना त्यांनी मंदाबाईकडे निरखून पाहिलं.

"तुम्हालाही दिवसा थकवा येतो का?"

"कोनत्या बाईले नाही येत?" मंदाबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

"हसण्यावारी नेऊ नका. बायकांमध्ये हे लवकर ओळखू येत नाही. त्या मोठ्यानं घोरत नाहीत, फक्त थकतात."

मंदाबाईनं ते ऐकलं आणि पिशवी उचलली.

मशीनशी ईश्वरचं पहिल्यांदा पटेना. मास्क लावला की जीव घुसमटतो म्हणायचा, झोपेत काढून फेकायचा. मिशांमुळे हवा निसटून फुसफुस व्हायची. पट्ट्यानं गालाला वळ उठायचे. देवकाबाई तर पाहून पोट धरून हसली. "ईश्वरले सोंड फुटली. आता पोळ्याले बैल नको, यालेच सजवू."

"लाव मोत्याची झूल," ईश्वर मास्कच्या आतून म्हणाला. आवाज डब्यातून आल्यासारखा आला, तशी देवकाबाई आणखी हसली.

पण मंदाबाईनं हट्ट सोडला नाही. तिनं कोशाचे तुकडे शिवून पट्ट्याला आतून अस्तर लावलं. ईश्वरनं मिशा बारीक केल्या. बाईंनी फोनवर सांगितलं तसं तो मास्क लावून दिवसा नुसता बसू लागला, चहा होईपर्यंत, भाजी चिरून होईपर्यंत. हळूहळू सवय झाली. दुपारी आडवा झाला तरी तो मशीन लावायचा. आणि एका सकाळी तो उठला, चूळ भरली, आणि अंगणात उभा राहून म्हणाला, "मले सपन पडलं."

"कायचं?"

"काहीच नाही. बाबा मागावर बसले होते. हात पुसून उठले अन् बाहेर गेले."

त्या सकाळी त्याचं डोकं दुखलं नाही.

पुढे बीपी उतरू लागलं. दुपारची झोप आपोआप सुटली. कापडातले विरळ पट्टे गेले. ज्या व्यापाऱ्यानं साडी परत केली होती, त्यानं नवी साडी उजेडाकडे धरून पाहिली आणि एक अक्षर न बोलता घेतली. ईश्वर घरी येताना जिलेबी घेऊन आला. दार उघडताना त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं होतं, हे मंदाबाईनं आधी पाहिलं, जिलेबी नंतर.

मागच्या भिंतीकडून आवाज आला नाही. मंदाबाई अधूनमधून चादर उचलून पाहायची. हळदी रेघा होत्या तेवढ्याच होत्या. ताणा चार बोटांपेक्षा जरा कमी उरला होता, तेवढाच होता. तिनं फणीच्या मुठीला हळदीकुंकू लावलं. म्हातारा वैरी नव्हता. आपल्यासाठी जे कोणी केलं नाही, ते तो पोरासाठी करत होता.

दिवाळी झाली. धान घरोघरी आलं, हवा कोरडी आणि गार झाली. एके दुपारी ईश्वर आपल्या मागावर बसला होता. त्याच्या मागावर लाल साडी होती. मंदाबाई उंबऱ्याशी पुढच्या कामासाठी हिरव्या कांड्या भरत होती. कित्येक वर्षांत तिला असं स्वस्थ वाटलं नव्हतं. राखण करायला काही उरलं नव्हतं. मागाची खटखट तालात चालली होती. तिनं भिंतीला डोकं टेकलं आणि तिचा डोळा लागला.

ती दचकून जागी झाली. घसा कोरडा पडला होता, छाती धडधडत होती. कानात ठोका अजून घुमत होता.

ईश्वरचा माग थांबलेला होता. त्याचे पाय खड्ड्यात होते, धोटा हातातच होता. तो मागच्या भिंतीकडे पाहत होता.

"काहून थांबले?" तिनं विचारलं.

"तू घोरून राहिली होती," ईश्वर म्हणाला. "लय नाही. बारीक. मले हसू आलं. मंग तू गप झाली."

"मंग?"

त्यानं झाकलेल्या मागाकडे नजरेनं खूण केली. धोटा खाली ठेवून खड्ड्यातून वर आला आणि तिच्याजवळ येऊन बसला. तिचा हात हातात घेतला.

"घाबरू नको," तो म्हणाला. "आता आपल्याले माहीत आहे काय असते ते. उद्या पहिल्या बसनं भंडाऱ्याले जाऊ. बाईनं तुले विचारलं होतं, आपनच हसन्यावारी नेलं."

मंदाबाईनं मान हलवली. मग तिची नजर मांडीवरच्या कांडीकडे गेली. कांडी अर्धी मोकळी झाली होती. हिरव्या धाग्याचं टोक सुटून सारवलेल्या जमिनीवरून सरळ गेलं होतं, ईश्वरच्या मागाला वळसा घालून, मागच्या भिंतीपर्यंत, पांढऱ्या चादरीखाली.

तिनं सावकाश श्वास आत घेतला. धागा बोटभर पुढे सरकला.